श्वासाची जागा

कॅनमधल्या कॉकटेलबरोबर कोणतं गाणं ऐकावं हे ठरवायला कुणी पगारी माणूस ठेवत असेल, यावर चटकन विश्वास बसणार नाही. पण असा एक माणूस होता. त्याला टेबल होतं, खुर्ची होती, गळ्यात अडकवायचं ओळखपत्र होतं, आणि ऑफिसात सगळे त्याला जोडीमास्तर म्हणत. पूर्वी तो एका वर्तमानपत्रात संगीतावर लिहायचा. चांगलं लिहायचा असं त्याचं स्वतःचं मत होतं, आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं. पुढे एक दिवस त्याच्या सदराची जागा केसगळतीवरच्या सल्ल्याला देण्यात आली. ज्याने उभा जन्म गवयांच्या चुका काढल्या, तो माणूस पोटापाण्यासाठी पेयांच्या कंपनीत येऊन चिकटला.

काम सांगायला सोपं होतं. बारमध्ये जा, बसायला जागा शोधा, बर्फ खळखळवणाऱ्या माणसाची मनधरणी करा, हा सगळा व्याप वाचवून कंपनी तयार कॉकटेल कॅनमध्ये भरून विकायची. मात्र 'विकायची' हा शब्द मॅडमसमोर काढायची सोय नव्हती. मॅडम म्हणजे मार्केटिंगच्या प्रमुख. त्यांच्या मते आपण काहीच विकत नव्हतो, आपण अनुभव देत होतो, आणि नुसता घशाला अनुभव देऊन भागत नाही, कानालाही द्यावा लागतो. म्हणून प्रत्येक कॅनला एक गाणं नेमून दिलेलं असे. कॅनवरचा कोड फोनला दाखवला की ते गाणं सुरू व्हायचं. गाणं शक्यतो जुनं, आपल्या आईवडिलांनी गुणगुणलेलं. मग डीजेने त्याच्या बुडाशी धडधड घालायची, मधलं कडवं उडवायचं, अंतरा ताणून ताणून त्याचा चोथा करायचा, आणि जे उरेल त्याला 'नव्या पिढीला दिलेली भेट' म्हणायचं. नव्या पिढीने ती मागितली होती का, हे विचारायची पद्धत नव्हती.

या सगळ्यात जोडीमास्तराने कार्ड लिहायचं. 'या घोटात संत्र्याची संध्याकाळ आहे आणि या सुरात तिची सय' अशा धाटणीची वाक्यं तो सकाळी दहा वाजता, पोटात फक्त चहा असताना, गंभीर चेहऱ्याने लिहायचा. संत्र्याच्या त्या कॅनला संत्रं दुरूनही दाखवलेलं नसे. पण पिणाऱ्याला ते लागायचं, आणि लागलं म्हणजे आहे, असा कंपनीचा सरळ हिशेब होता.

कोणतीही जोडी पास होण्यापूर्वी तिची घोटचाचणी व्हायची. काचेच्या खोलीत पाच-सहा कर्मचारी डोळ्यांवर पट्टी बांधून, कानाला हेडफोन लावून बसत आणि कागदी पेल्यातून घोट घेत. घोट आणि सूर जुळला असं वाटलं की समोरचं बटण दाबायचं. अकाउंट्सचे एक गृहस्थ दर घोटाला बटण दाबत, कारण त्यांना वाटायचं की बटण दाबलं की पेला पुन्हा भरतात. त्यांच्या या समजुतीच्या जोरावर कंपनीच्या निदान चार जोड्या बाजारात उतरल्या होत्या.

त्या दिवशी चाचणीला आला तो संत्रं आणि आल्याचा नवा कॅन, आणि त्याच्या जोडीला बाईंचं गाणं. बाई म्हटलं की एकच. दुसऱ्या गायिकांना नावं असतात, यांना नुसतं बाई म्हटलं की पुरतं. आणि गाणंही त्यांचं सर्वांत गाजलेलं:

दार उघडं ठेव गं, दिवा विझला तरी,
येणाऱ्याला ओळखू येते आपलीच पायरी.

या दोन्ही ओळी बाई एका दमात गायच्या. त्यांचा दम हा गाणाऱ्यांच्या जगात नवलाचा विषय होता. पहिल्या ओळीच्या टोकावरून त्या दुसरीत कधी उतरल्या हे कळायचं नाही. शिकवणारे शिकणाऱ्यांना ते ऐकवायचे आणि नाउमेद करायचे. त्या एका दमावर जोडीमास्तराने स्वतः एकेकाळी अख्खा रकाना भरून लेख लिहिला होता.

डीजेने त्यातलं काय ठेवलं होतं? 'दार, दार, दा-दा-दार' एवढंच. मग धडधड थांबायची, शांतता पसरायची, आणि त्या शांततेत एक श्वास ऐकू यायचा. घशाशी आलेला, घाईने आत ओढलेला, चांगला मोठा श्वास. त्यावर कॅन फोडल्याचा आवाज, फस्स, आणि पुन्हा धडधड. डीजेला हा श्वास सापडल्याचा इतका आनंद झाला होता की तो त्याने गाण्यात अकरा वेळा घातला होता. पट्टी बांधलेल्या सगळ्यांनी त्या जागी एकाच वेळी बटणं दाबली. अकाउंट्सच्या गृहस्थांनी दोनदा दाबलं.

जोडीमास्तराच्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला. बाईंच्या त्या गाण्यात तिथे श्वासच नव्हता. म्हणून तर ते गाणं बाईंचं होतं. आणि हा श्वास त्याच्या ओळखीचा होता. लहानपणापासून त्याने तो शेकडो वेळा ऐकला होता. तो त्याच्या मावशीचा होता.

मावशी म्हणजे त्याच्या आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, स्वतः लग्न केलं नाही, आणि आता सत्तरी ओलांडल्यावर ती त्याच्याकडे राहत होती. घरात दोघंच. तरुणपणी ती एका शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारायची आणि सुट्टीच्या दिवशी गायची. तेव्हा बाईंच्या कॅसेटा महाग असत. मग एखादी छोटी कंपनी तीच गाणी दुसऱ्या कुणाकडून तरी जशीच्या तशी गाऊन घ्यायची आणि निम्म्या किमतीत विकायची. कव्हरवर गाण्यांची नावं ठळक अक्षरांत, गाणारीचं नाव कुठेच नाही. मावशीच्या कॅसेटवर सूर्यास्ताचं चित्र होतं. अख्खी कॅसेट एका बैठकीत उरकायची. काही कोसळलं तरच पुन्हा गायचं, नाहीतर पुढचं गाणं. या गाण्यापर्यंत येईतो मावशी थकली होती. पहिली ओळ संपली आणि दमही संपला, तिने घाईने श्वास ओढला आणि तो थेट माईकमध्ये शिरला. तिने पुन्हा गाऊ द्या म्हणून विनवलं. मालक म्हणाला, राहू द्या हो, कोण ऐकतंय.

त्यानंतर मावशीने कुणाकुणाला सांगून पाहिलं होतं की मीही गायलेय. नातेवाइकांनी एकदा तिला गायला लावलं आणि मग म्हणाले, अगदी बाईंसारखं. ते कौतुक होतं आणि थोबाडीतही होती. हळूहळू घराण्यात असं ठरून गेलं की मावशीला बाईंचं वेड आहे, वेडापायी बोलते बिचारी. तिने मग सांगणं सोडलं. बाईंच्या दमावरचा भाच्याचा लेख छापून आला तेव्हा तिने तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि छान लिहिलंस म्हणाली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. तिने पोट बिघडल्याचं सांगितलं आणि त्यालाही ते सोयीचं वाटलं होतं.

मग हे कंपनीत आलं कसं? सोपं आहे. गाणी मिळवण्याचं काम ज्या विभागाकडे होतं, त्या विभागात कुणी गाणी ऐकत नसे. त्यांनी इंटरनेटवर गाण्याचं नाव टाकलं, सगळ्यात वर जे आलं ते उचललं. कुणातरी हौशी माणसाने मावशीची कॅसेट बाईंच्या नावावर आणि बाईंच्या फोटोसकट चढवून ठेवली होती. विभागाने खाली दिलेल्या कंपनीच्या नावावरून त्या कॅसेटच्या मालकाचा मुलगा हुडकून काढला, त्याच्याकडून रीतसर हक्क घेतले, आणि इतकं गाजलेलं गाणं इतक्या झटपट मिळालं म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली. आवाज बाईंचा आहे की नाही, हे कानांनी तपासावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण फोटो बाईंचाच होता.

संध्याकाळी जोडीमास्तर एक कॅन आणि ते गाणं घेऊन घरी गेला. मावशी भाजी निवडत बसली होती. त्याने काही न सांगता गाणं लावलं. धडधड ऐकून तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि आवाज कमी कर म्हणणार तेवढ्यात तो श्वास आला. तिचा हात थांबला. गाणं संपेपर्यंत ती मान खाली घालून ऐकत राहिली. मग म्हणाली, पुन्हा लाव. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तिने कॅन फोडायला सांगितला, एक घोट घेतला आणि जिभेवर घोळवला.

"खोकल्याच्या औषधात सोडा घातलाय," ती म्हणाली. "आणि गाण्यात माझी चूक तेवढी ठेवलीय, बाकीचं टाकलंय."

तिला राग आला नव्हता. तिच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक आली होती. ती म्हणाली की तिला दुसरं काही नको. फक्त या वेळी नाव येऊ दे. कार्डावर, पाटीवर, कुठेही, बारीक अक्षरांत का होईना. हा आवाज अमकीचा, एवढंच. ज्यांनी तिला वेडी ठरवलं त्यांतले बरेच जण आता राहिलेही नव्हते, पण जे होते त्यांच्या देखत एकदा नाव यावं, डोळे मिटायच्या आत. जोडीमास्तराने छातीवर हात ठेवला आणि येईलच म्हणून सांगून टाकलं. सांगताना त्याला आपण फार मोठे वाटलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरेपर्यंत त्यातलं निम्मंशिम्मं मोठेपण उतरलं होतं.

त्याने मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी ताबडतोब मिटिंग बोलावली. वकील आले, डीजे आला, गाणी न ऐकणाऱ्या विभागाचा मुख्य आला. आधी सगळ्यांचे चेहरे पडले. मग वकिलांनी चष्मा पुसत सांगितलं की घाबरायचं कारण नाही, हक्क ज्या आवाजाचे घेतलेत तोच आवाज वापरलाय, तेव्हा कायद्याने आपण शुद्ध आहोत. जाहिरातीच्या पाटीवर बाईंचं नाव छापलं तर मात्र गोत्यात येऊ. त्यावर मॅडमनी तोडगा काढला. पाटीवर 'तोच अमर आवाज' असं लिहायचं. तोच म्हणजे कोणाचा, ते ज्याने त्याने आपापलं समजून घ्यावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कंपनीत एखादी गोष्ट खरीही नसली आणि खोटीही नसली की ती उत्तम मानली जाई.

प्रश्न एकच उरला. नवा कॅन बाजारात उतरवायच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुण्या म्हणून खुद्द बाईंना बोलावणं गेलं होतं. त्या ओळखणार नाहीत का? मॅडमनी धीर करून गाणं त्यांच्याकडे आधीच पाठवलं. दोन दिवस ऑफिसात कुणाला धड झोप आली नाही, म्हणजे दुपारची. तिसऱ्या दिवशी बाईंच्या सूनबाईंचा निरोप आला: आईंनी ऐकलं, आईंना आवडलं, आई येतील.

आता तर प्रश्नच मिटला. मॅडम जोडीमास्तराला म्हणाल्या की बघा, ज्यांचा आवाज त्यांनीच ओळखला. तुमच्या मावशींचा मी आदर करते, पण या वयात माणसाच्या आठवणी थोड्या सरमिसळ होतात, माझ्या आजीचंही असंच व्हायचं. शिवाय तुमची नोकरी कायम करण्याचं या कार्यक्रमानंतरच बघायचंय ना? हे शेवटचं त्या इतक्या मायेने म्हणाल्या की धमकी होती हे त्याला जिना उतरताना कळलं.

भांडायचं त्याच्या जिवावर आलं. खरं सांगायचं तर तो घाबरला. वर्तमानपत्रात असताना बड्याबड्यांची सालं काढणारा हा माणूस एका प्रमुखबाईंपुढे शेपूट घालून बाहेर आला. शिवाय घरी जाऊन त्याने मावशीला सांगितलं की नावाचं चाललंय, छपाईला गेलंय. मावशीने विचारलं, अक्षर कसलं आहे? तो म्हणाला, छान आहे. इतकं खोटं बोलल्यावर तिला कार्यक्रमाला नेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

कार्यक्रम एका जुन्या गोदामात होता. गोदामाच्या भिंतींचे पापुद्रे सुटलेले भाग जपून ठेवले होते आणि बाकीच्या चांगल्या भिंतींवर तसेच पापुद्रे रंगवून घेतले होते. सगळीकडे संत्र्याच्या रंगाचे दिवे. दारातच माणसाच्या दुप्पट उंचीची पाटी. मावशी ठेवणीतले कपडे घालून, केस नीट बसवून आली होती. ती पाटीसमोर उभी राहिली. वरपासून खालपर्यंत तिने सगळं वाचलं, अगदी तळाशी पेयात काय काय घातलंय ते बारीक अक्षरांतलंसुद्धा. मग पुन्हा वरपासून वाचलं. जोडीमास्तराला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

"अक्षर छान आहे," मावशी म्हणाली आणि पुढे चालू लागली.

यापेक्षा तिने चारचौघांत कान पिळला असता तर बरं झालं असतं. तिला तिसऱ्या रांगेत बसवून तो व्यासपीठाच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि तिथे त्याने मनाशी ठरवलं. बाईंच्या भाषणानंतर कार्ड वाचायला त्यालाच माईक मिळणार होता. कार्ड वाचायचंच नाही. श्वास कुणाचा आहे ते सांगायचं, नाव घ्यायचं, तिला उभं करायचं. मग नोकरी गेली तर गेली. ठरवलं ते ठरवलं.

आधी सामुदायिक फोडणी झाली, म्हणजे कॅनची. प्रत्येकाच्या हातात एकेक कॅन दिला होता आणि गाण्यातला श्वास आला की सगळ्यांनी एकदम फोडायचा होता. तालमीत हे झकास जमलं होतं. प्रत्यक्षात कुणीतरी आधीच फोडला, शेजाऱ्याला वाटलं आलीच वेळ, आणि गोदामभर फटाक्यांची माळ लागल्यासारखे कॅन फुटत गेले. पहिल्या रांगेतल्या गुंतवणूकदारांच्या अंगावर संत्र्याचा फवारा उडाला. मॅडम हसत हसत म्हणाल्या की हाच तो उत्स्फूर्त अनुभव. मग खरोखरचा श्वास आला तेव्हा फोडायला कुणाकडे काही उरलं नव्हतं. त्यामुळे तो श्वास सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला.

मग सूनबाईंच्या हाताला धरून बाई आल्या. ऐंशीच्या पुढच्या, चणीने लहान, पण पाऊल टाकलं की लोक आपोआप उठत. त्यांनी कॅन हातात घेतला, न पिता तो कौतुकाने न्याहाळला आणि टेबलावर ठेवला. डीजेने त्यांना नमस्कार केला आणि त्या श्वासाबद्दल विचारलं. बाईंनी माईक जवळ ओढला. जोडीमास्तराने कान टवकारले. आता त्या सांगणार की हा मी घेतलेला नाही.

"रेकॉर्डिंगच्या दिवशी संगीतकार म्हणाले, दोन्ही ओळी एका दमात घ्या," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, नाही. दार उघडं ठेवून बसलेली बाई आहे ती. ती एक ओळ म्हणेल, थांबेल, बाहेर पाऊल वाजलं का त्याचा कानोसा घेईल, मग पुढचं बोलेल. तिथे श्वास हवाच."

गोदामभर 'वा' उमटलं. वार्ताहरांनी ते भराभर उतरवून घेतलं. बाईंच्या एका दमाचे पोवाडे ज्यांनी आजवर गायले, त्यातले निदान दहा जण तिथे बसले होते आणि तेही माना डोलवत होते. जोडीमास्तराच्या मस्तकात तिडीक गेली. या बाईंकडे मान होता, पदकं होती, रस्त्याला नाव दिलेलं होतं. आणि त्याच्या मावशीकडे सगळ्या आयुष्यात मिळून एक श्वास होता, तोही यांनी हसत हसत उचलला.

कुणीतरी ओरडलं, दोन ओळी होऊन जाऊ द्या. बाईंनी हाताने नको नको केलं. लोक ऐकेनात. मग बाईंनी डोळे मिटले आणि गायल्या. आवाज झिजला होता, पण सुराला जराही धक्का नव्हता. 'दिवा विझला तरी' पर्यंत आल्या. तिथे त्या थांबल्या. घशाशी आलेला, चांगला मोठा, माईकमध्ये शिरणारा श्वास त्यांनी घेतला. आणि मग 'येणाऱ्याला' वर उतरल्या ते अशा अलगद की जोडीमास्तराच्या डोळ्यांत पाणी आलं, राग असूनही आलं. सगळे उभे राहिले. टाळ्या थांबेनात.

टाळ्या ओसरल्या तेव्हा माईक त्याच्या हातात होता. त्याने कार्ड खिशात घातलं आणि तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. मावशी उभी होती. ती बाईंकडे टक लावून पाहत होती आणि तिचा चेहरा भिजलेला होता. मग तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या मनात काय आहे ते तिला लगेच कळलं असावं. तिने मान हलवली. नाही. त्याने तरी तोंड उघडलं. तिने तळवा खाली दाबल्यासारखा हात केला, लहानपणी पाहुण्यांसमोर तो काही भलतं बोलायला लागला की करायची तसा. जोडीमास्तराने खिशातून कार्ड काढलं आणि संत्र्याची संध्याकाळ वगैरे जे होतं ते वाचून टाकलं. मॅडमनी दुरून अंगठा दाखवला.

बाहेर टॅक्सीची वाट बघत दोघं फुटपाथवर उभे राहिले. आत पुन्हा धडधड सुरू झाली होती.

"मावशी, मी बोलणार होतो," तो म्हणाला. "आधी खोटं बोललो तुझ्याशी, पण आज खरंच बोलणार होतो."

"कळलं ना मला. म्हणून तर थांबवलं."

"पण का? तिने चोरला तो. तुझ्यासमोर."

मावशीने पदराने नव्हे, सरळ हाताने डोळे पुसले आणि थोडी हसली. "चोरला खरा. आणि कारण काय सुरेख शोधलं रे, कानोसा घेते म्हणे. मला तेव्हा सुचलं असतं तर त्या मालकाला ऐकवलं असतं." मग ती गंभीर झाली. "तू तिचा चेहरा बघितलास का, श्वास घेताना?"

त्याने बघितला नव्हता. तो रागावण्यात गुंतला होता.

"मी तिला जन्मभर कान लावून ऐकलंय," मावशी म्हणाली. "कितीतरी वर्षं झाली, ती हे गाणं गातच नाही. लोक गळ घालतात, ती हसून दुसरंच काही गाते. दम पुरत नाही तिला. आणि पुरत नाही हे कळू द्यायचं नाही, म्हणून गाणंच टाकलं होतं तिनं. एवढं स्वतःचं गाणं. आज गायली. जन्मभर मी तिच्यासारखं गायला बघितलं, आज ती माझ्यासारखी गायली."

टॅक्सी आली. त्याने दार उघडलं, पण ती लगेच बसली नाही.

"नाव हवं होतं मला. अजूनही हवंय, खोटं कशाला बोलू? फार हवंय. पण आज तू सांगितलं असतंस, तर तिला हे गाणं पुन्हा एका दमातच गावं लागलं असतं, आणि ते आता तिच्याच्यानं व्हायचं नाही," मावशी म्हणाली. "घेऊ दे तिला श्वास."